नंबर तेवीस, वापरला नाही

मंगळवारी मी लायब्ररीत पुस्तकं बदलायला जाते. त्या मंगळवारी आत शिरल्याशिरल्या एक टेबल मांडलेलं दिसलं, त्यावर पातळशा पुस्तिकांची चळत, आणि मागे पास्को नावाचा निवृत्त पोस्टमन छातीवर बिल्ला लावून बसलेला. आमच्या कारखान्यानं पन्नास वर्षांत कागदावर आखलेल्या सगळ्या हेलिकॉप्टरांची यादी त्यानं केली होती. आधी दोन अक्षरं, मग आकडा, आणि पुढे एका ओळीत ते यंत्र काय होतं किंवा काय व्हायचं होतं. मी उभ्याउभ्याच पान उलटलं. एकवीस, नौदलासाठी. बावीस, तेलाच्या विहिरींवर माणसं नेण्यासाठी. चोवीस, बाविसाचीच मोठी आवृत्ती. आणि मधे, तेविसापुढे, तीन शब्द. ‘नंबर वापरला नाही.’ माझ्या हातात दोन जाड पुस्तकं होती, ती मी त्याच्या टेबलावर ठेवली. नाहीतर पडलीच असती. सदुसष्ट वर्षांच्या बाईनं छापील ओळ वाचून असं करावं, हे काही शोभत नाही. पण मला कुणीतरी भर बाजारात खोटं पाडल्यासारखं वाटलं. ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ मी विचारलं. ‘रजिस्टरनं, बाई,’ पास्को म्हणाला. ‘मी डोळ्यांनी पाहिलंय. आकडा आहे, पुढे जागा कोरी. पेन्सिलीचं काहीतरी पुसट आहे, पण भिंग लावूनही वाचता आलं नाही.’ मग माझ्याकडे जरा बघून म्हणाला, ‘काही ठाऊक असेल तर गुरुवारपर्यंत सांगा. दुसरी आवृत्ती छापायला जातेय.’ मी म्हटलं, मला काय ठाऊक असणार. आणि पुस्तकं न बदलताच घरी निघाले.

ते पुसट अक्षर माझं होतं. एकसष्ट साली मी प्रकल्पांच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले, तेव्हापासून ते रजिस्टर माझ्या टेबलाच्या उजव्या खणात असायचं. हिरव्या कापडाची बांधणी, कोपऱ्यांना चामडं. वरच्या मजल्यावर आखणारे पुरुष बसत, आणि कुणाच्या डोक्यात नवं यंत्र आलं की तो मला खाली फोन करी. मी पुढचा आकडा सांगायची आणि त्यासमोर पेन्सिलीनं नाव लिहायची. पहिलं ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं की तेच नाव शाईनं गिरवायचं. महिनाअखेरीपर्यंत ड्रॉइंग आलं नाही तर पेन्सिल खोडायची आणि आकडा पुढच्या माणसाला द्यायचा. एवढा साधा कायदा. बाहेरच्यांना वाटतं की कारखाना म्हणजे पत्रा, इंजिनं आणि आवाज. आवाज तर होताच. चाचणीचं यंत्र घरांवरून गेलं की सगळ्या गावाच्या कपबशा वाजत, आणि आया झोपलेल्या पोरांच्या कानांवर हात ठेवत. पण माझा कारखाना म्हणजे ते आकडे. चाळीसेक आकड्यांतले पाच-सहा उडाले. जे उडाले त्यांना लंडनहून कुणीतरी नाव पाठवायचं, आणि नाव मिळालं की ते आमचं राहत नसे. वर्तमानपत्रात फोटो, राणीसाहेबांची भेट, परदेशची गिऱ्हाइकं. बाकीचे आकड्यावरच राहिले. मला तेच जवळचे वाटायचे. लग्न न झालेल्या मुलींचंही तसंच असतं, त्या माहेरच्याच नावानं राहतात. मी तेव्हा हेझल हॅन होते, तिशीला टेकलेली, आणि घरी हातमोजे शिवणारी आई उठताबसता माझ्याकडे बघून शिवण जरा जोरात ओढायची.

आयव्हर प्रॉसर वरच्या मजल्यावर खिडकीजवळ बसायचा. वेल्सच्या खाणींच्या मुलखातला. बारीक अंगाचा, कायम सर्दी झालेला. मिसेस बॅटस्टोनच्या घरी एका खोलीत भाड्यानं राहायचा, आणि त्या बाईच्या स्वयंपाकाबद्दल कधी वाईट बोलत नसे, यावरूनच माणूस किती सभ्य होता ते कळावं. सहा वर्षांत त्यानं माझ्याकडून चार आकडे घेतले. सगळी लहान यंत्रं, डोंगरातल्या आणि बेटांवरच्या आजाऱ्यांना उचलून आणायची. एकही पुढे सरकलं नाही. सैन्याला लहान यंत्र नको होतं, आणि आजारी माणसं काही ऑर्डर देत नाहीत. आमची ओळख बरीचशी फोनवरच होती. जिन्यात भेटला तर टोपीला हात लावून बाजूला व्हायचा आणि कान लाल व्हायचे. फोनवर मात्र जीभ सुटायची. मला अजून तो फोन कानाला आठवतो, जड, काळा, सकाळी गार आणि दुपारी माझ्याच कानानं ऊबदार झालेला. पावणेचारला वाजायचा. पावणेचारला त्याला काम नसायचं, हे मला ठाऊक होतं. मलाही नसायचं, हे त्याला ठाऊक होतं.

लायब्ररीतून घरी परतताना, बाजाराच्या चौकातून मी चुकीच्या गल्लीत वळले. या गावात जन्म गेला माझा. घड्याळाच्या दुकानाच्या काचेमागे दहा वर्षं त्याच जागी असलेली घड्याळं, त्यांपुढे मी उभी राहिले आणि कुठे जायचंय ते मला सुचेना. वापरला नाही. म्हणजे काय? मी तर तो रोज वापरला. भांडी घासताना वापरला, बसची वाट बघताना वापरला, आई गेली त्या आठवड्यात तर फारच वापरला. एखादी गोष्ट झालीच नाही, हे एक. आणि ती झाली नाही असं पोस्टमननं छापावं, हे निराळं. पहिलं मी सोसलं होतं. दुसरं सोसवेना. त्याला खरं सांगावं म्हटलं तर सांगण्यासारखं होतं काय? एका माणसानं फोन केला, मी आकडा लिहिला, तो अमेरिकेला गेला. संपलं. पास्को हसला नसता, पण त्यानं ‘नंबर वापरला नाही’ हेच पुन्हा छापलं असतं, आणि त्याचं बरोबरच असतं.

सदुसष्टच्या जूनमध्ये कारखान्याची सहल टेकडीवर गेली होती. चीज, लोणचं, पाव आणि सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची पिंपं. पुरुष रस्सीखेच खेळत होते. आयव्हर माझ्याशेजारी गवतावर येऊन बसला आणि त्यानं मला आपलं चौथं यंत्र पावाच्या कागदावर काढून दाखवलं. पुढे वैमानिक, मागे स्ट्रेचर. मी म्हटलं, ‘मिस्टर प्रॉसर, तुमच्या यंत्रात एक उडवणारा आणि एक मरायला टेकलेला. माझ्यासारख्या धडधाकट बाईनं बसायचं कुठं?’ तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाला, ‘अशी तक्रार याआधी कुणी केली नव्हती.’ खाली धावपट्टीवर एक यंत्र उठलं, नाक खाली करून आमच्याच दिशेनं आलं, आणि त्याच्या वाऱ्यानं सगळ्यांच्या टोप्या उडाल्या. तो त्याच्या टोपीमागे धावला नाही. तिथंच बसून राहिला, आणि त्याच्या कोटाची बाही माझ्या दंडाला लागून होती. तेवढंच. सांगायला गेलं तर आमच्यात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती.

सप्टेंबरात एका बुधवारी फोन वाजला, पावणेचारला नाही, सकाळी साडेनऊला. ‘मिस हॅन, एक नंबर द्या.’ मी विचारलं, यंत्र काय आहे? ‘लहानसं आहे.’ मी म्हटलं, ‘तुमची सगळी लहानशीच असतात. उडत एकही नाही.’ ‘वेल्श माणसाला असं बोलू नये,’ तो म्हणाला, ‘आम्ही दुखावलो की गायला लागतो.’ पण आवाजात हसू नव्हतं. मी तेवीस सांगितला. त्यानं तो आकडा दोनदा म्हटला, जपून ठेवण्यासारखं काही हातात दिलं असावं तसा. ‘ड्रॉइंग कधी येईल?’ मी विचारलं. ‘सोमवारी तुमच्या टेबलावर काहीतरी येईल,’ तो म्हणाला. ‘तोवर पेन्सिल खोडू नका.’ सोमवारी टेबलावर काही आलं नाही. दहा वाजता वरच्या मजल्यावरून बातमी आली की प्रॉसर शनिवारच्या बोटीनं अमेरिकेला गेला. फिलाडेल्फियाच्या कुठल्याशा कंपनीनं उचलला. त्या वर्षी बरेच गेले, तिकडे पगार मोठा होता आणि ड्रॉइंगची टेबलंही. मी पावणेचार वाजेपर्यंत बसले. मग मी माझं टेबल पुसलं. महिनाअखेर आली, ऑक्टोबरची आली, आणि मग वरून कुणीतरी नंबर मागितला तेव्हा मी चोवीस दिला. आमचे साहेब मिस्टर टकेट वर्षातून एकदा रजिस्टर तपासत. त्यांनी बोट ठेवलं. ‘तेवीस कुठे गेला, मिस हॅन? रबर हरवलं का तुमचं?’ ‘राखून ठेवलाय, सर. मिस्टर प्रॉसरांसाठी.’ ‘प्रॉसर अमेरिकेत आहे.’ ‘हो सर. नंबर इथंच आहे.’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. कारखान्यात माणसाला कळायचं ते बरोबर कळायचं, फक्त बोलायचं नाही अशी रीत होती. पुढे ते नाव कुणी खोडलं नाही. बोट फिरवून फिरवून मीच ते पुसट केलं.

घरी पोचले तेव्हा रॉन मागच्या दाराशी बसून शेंगा चिरत होता. रॉन गॉलप माझा नवरा, लाकडी नमुन्यांच्या शॉपमधला. आखणाऱ्यांनी काढलेलं यंत्र आधी लाकडात घडवायचं, हातभर लांब, मग ते वाऱ्याच्या बोगद्यात धरून बघायचं, हे त्याचं काम. बोटांना आखणाऱ्यांपेक्षा जास्त कळायचं, आणि ते बोलून दाखवायची सवय मात्र अजिबात नाही. चौतीस वर्षांच्या संसारात त्यानं मला कधी चढ्या आवाजात काही म्हटलेलं नाही. आमच्या घरातलं अर्धं सामान त्याचं ‘परदेशी’ आहे. साहेबाची पाठ वळली की कारखान्याच्या लाकडातून आणि वेळातून जे आपलं खासगी काम उरकतात त्याला आम्ही तसं म्हणायचो. पाव वाढायची थाळी परदेशी, जिन्याचा कठडा परदेशी, माझं शिवणाचं खोकं परदेशी. सगळं डब्याच्या पिशवीतून फाटकाबाहेर आलेलं. मी त्याच्याशी लग्न का केलं हे मला कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्या गावाला दिसत होतं, की माणूस चांगला होता. तो आहेच चांगला. त्यालाही कधी वाटलं असेल का, की चांगलं असण्यापलीकडे मी त्याच्याकडे काही मागितलंच नाही?

जेवताना मी म्हटलं, ‘पास्कोनं यादी काढलीय. सगळ्या आकड्यांची.’ ‘हं,’ रॉन म्हणाला. ‘त्याच्यात म्हणे तेवीस वापरलाच नाही.’ मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं आणि बटाट्यावर मीठ घातलं, आणि पुन्हा घातलं. रॉनचा काटा थांबला. त्यानं तो बशीच्या कडेला सरळ ठेवला, सुरी त्याच्या शेजारी, हत्यारं ठेवतात तशी. ‘असं छापलंय?’ ‘काळ्यावर पांढरं. म्हणजे पांढऱ्यावर काळं.’ ‘चूक आहे ते,’ रॉन म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, मागच्या दारातून शेडकडे बघत होता. ‘तुला काय माहीत?’ मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ‘नंबराशिवाय आमच्याकडे लाकूड मिळत नव्हतं, हेझल,’ तो म्हणाला. ‘तुला ठाऊक आहे की.’ मला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि एकदाही मी ते त्या बुधवारला जोडून पाहिलं नव्हतं. मी ड्रॉइंगची वाट पाहत बसले. ड्रॉइंगशिवाय आकडा कशाला लागतो, हा प्रश्न रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईला पडला नाही. रॉन उठून बाहेर गेला. शेडचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. नऊ-दहा वर्षांपूर्वीची दुपार मला आठवली, निवृत्तांचं पत्रक आलं होतं आणि शेवटच्या पानावर वारलेल्यांची नावं होती. रॉननंच ती वाचली, एकेक, त्याच्या सपाट आवाजात. ‘प्रॉसर, आय., फिलाडेल्फिया.’ मी तेव्हा इस्त्री करत होते, करत राहिले. तो मात्र पत्रक ठेवून शेडमध्ये गेला होता आणि चहालाही आला नव्हता. मला वाटलं, कांद्यांना बुरशी लागलीय, त्याचंच काही करत असेल.

रॉन शेडमधून परतला आणि त्यानं हातातलं ते माझ्या बशीशेजारी ठेवलं. हातभर लांब, पेअरच्या लाकडाचं, मधासारखा रंग चढलेलं. लहानसं हेलिकॉप्टर. नाक गोल, शेपूट बारीक, वर तीन पाती. धुळीचा कण नव्हता. पुढची काच म्हणून त्यानं काही बसवलं नव्हतं, म्हणून आत सरळ दिसत होतं. वैमानिकाची जागा आणि तिच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी, दुसरी जागा. मागे स्ट्रेचर नव्हतं. पोटाखाली पेन्सिलीनं आकडा, आयव्हरच्या हातचा तीन, वरून चपटा. मी बोट लावायच्या आधी रॉन बोलायला लागला, आणि इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ‘बुधवारी दुपारी आला. साधा कागद होता, ड्रॉइंग नव्हतं. म्हणाला, गॉलप, शुक्रवारपर्यंत होईल का? मी म्हटलं, दोन दिवसांत पाळणाही होत नाही. म्हणाला, नंबर आहे. मग केलं. शुक्रवारी घ्यायला आला तेव्हा हातात घेऊन किती वेळ बघत राहिला. मग मलाच परत दिलं. म्हणाला, माझ्यानं होणार नाही, तूच सोमवारी मिस हॅनच्या टेबलावर ठेव. सांग, जागा दोन आहेत. तिला कळेल. आणि नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर पत्ता लिहिला. म्हणाला, नाताळपर्यंत वाट बघीन.’ घड्याळ वाजत होतं, तेही परदेशीच. ‘पत्ता कुठाय?’ मी विचारलं. ‘कापला. सोमवारीच. बंबात टाकला.’ मग म्हणाला, ‘वाचला नव्हता. वाचला असता तर लक्षात राहिला असता.’

मला रागवायचं होतं. राग यावा म्हणून मी वाट पाहिली, पण आधी दुसरंच आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मला आनंद झाला. छत्तीस वर्षांनी, समुद्रापलीकडे पुरलेल्या माणसाकडून, मला उत्तर आलं होतं. त्याला मी हवी होते. पावणेचारचे फोन मी एकटीनं ऐकले नव्हते. आणि लगेच त्याच्या मागोमाग तो नाताळ आला. फिलाडेल्फियातल्या कुठल्यातरी खोलीत, नाक शिंकरत, जिन्यावर पोस्टमनची पावलं मोजणारा माणूस. त्याला वाटलं असेल, मी टेबलावरचं ते लाकूड पाहिलं, जागा मोजल्या, आणि उचलून खणात टाकलं. तसंच वाटत वाटत तो म्हातारा झाला, मेला. मी इथं आकडा राखत बसले होते आणि तो तिथं माझा नकार. मी तोंडावर टॉवेल धरला आणि रडले. रॉन उभाच होता. त्यानं मला हात लावला नाही, आणि लावला असता तर मी तो झटकला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

रडून झाल्यावर माणूस कुठेतरी बोट ठेवतो, तसं मी पात्याला बोट लावलं. ते फिरलं. नुसतं फिरलं नाही, फिरत राहिलं, आवाज न करता, सहज. लाकडाच्या नमुन्याची पाती फिरत नसतात, ती चिकटवलेली असतात. यानं आत खरं बेअरिंग बसवलं होतं. मी आसापाशी बोट नेलं. बोटाला तेल लागलं, ताजं. ‘हे कधी घातलंस?’ ‘रविवारी.’ ‘या रविवारी?’ ‘दर महिन्याला घालतो,’ रॉन म्हणाला. ‘छत्तीस वर्षं?’ ‘लाकूड चांगलं होतं. खराब कसं होऊ द्यायचं.’ मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे हात लोंबत होते, मोठे, अंगठ्याचं नख एका बाजूनं कायमचं फुटलेलं. हा माणूस दर महिन्याला कुलूप उघडून त्या दोन जागांकडे बघत आला होता. मी माझं दुःख मनात ठेवलं होतं, तिथं ते हवं तेव्हा धूसर करता येतं. त्याचं शेडमध्ये होतं, हातभर लांब. ‘बंबात हेच का नाही टाकलंस?’ मी विचारलं.  मग त्यानं, इतक्या वर्षांत न विचारलेलं, खाली बघून विचारलं, ‘गेली असतीस?’

खोटं बोलणं सोपं होतं. आईला सोडून कुठे जाणार होते, असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण तेवीस वापरला नाही असं छापलेलं मला सकाळपासून टोचत होतं, आणि आता तीच ओळ मी माझ्या तोंडानं पुन्हा कशी म्हणू? ‘गेले असते, रॉन,’ मी म्हटलं. ‘त्याच आठवड्यात.’ त्यानं मान हलवली. ‘म्हणून तर नाही दिलं.’

पाती अजून हळूहळू फिरत होती. रॉननं खिशातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून टेबलावर सरळ केली. नमुन्याच्या शॉपमधून कुठलीही वस्तू अशी चिठ्ठी बांधूनच बाहेर जायची. नंबर, तेवीस. कुणाचं काम, प्रॉसर. कुणी केलं, गॉलप. शेवटचा चौकोन, कुणाला पोचलं, त्याची सही. तो कोरा होता. खालचा कोपरा कात्रीनं कापलेला होता, अगदी सरळ, त्याच्या हातून वाकडं काही कापलंच जात नाही. ‘पास्कोला ही नेऊन दे,’ तो म्हणाला. ‘मग त्याला ते खोडावं लागेल. पण आधी सही कर. सहीशिवाय वस्तू सोडायची नाही, असा नियम आहे.’ मी पेन्सिल शोधायला उठले आणि थांबले. ड्रॉइंग आलं की शाई, हा माझ्या बाजूचा नियम होता. खणातून पेन काढलं. चौकोनावर टेकल्यावर हात आपल्याआपण चालला, आणि लिहून झाल्यावर मी पाहिलं तर तिथं हेझल गॉलप नव्हतं. एच. हॅन लिहिलेलं होतं, त्या वेळचा लांब शेपटीचा एन, गेल्या चौतीस वर्षांत कुठेही न उमटलेला. मी खाडाखोड करणार होते. रॉननं चिठ्ठी माझ्या हाताखालून ओढून घेतली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचली.

‘राहू दे,’ तो म्हणाला. ‘बरोबर आहे. तिलाच द्यायचं होतं.’

मग त्यानं शाई वाळेपर्यंत चिठ्ठी हातात धरून ठेवली.